अर्धप्रामाणिक

करारात माझ्यासाठी हाच शब्द आहे.
अर्धप्रामाणिक: म्हणजे ठरलेलं काम चोख करील,
पण आयतं काही हाती लागलं
तर डोळे मिटेलच, याची हमी नाही.
मी सही केली. आईला सांगितलं नाही.

डेल्फ्ट, नोव्हेंबर. कालव्यात गाळ उपसणारी बोट.
तळघरात चौथ्या दारामागे मी, माझा लेझर,
आणि उणे दोनशे सत्तर अंशांत
एकेका प्रकाशकणाची वाट बघत बसलेले शोधक.
वर, खिडकीच्या खोलीत, हिलके.
तिचा भाऊ योरित हेगला,
चोवीस किलोमीटर काचेच्या तारेपलीकडे.
बापाला पुरलं त्या दिवसापासून दोघांची बोलचाल बंद.

म्हाताऱ्यानं जाताना दोघांना वेगवेगळं बोलावलं होतं.
एकेकाच्या कानात एकेक आकडा.
इतके तुझ्यासाठी ठेवलेत. शपथ आहे,
दुसऱ्याला सांगायचं नाही.
ईल मासे विकून साठवलेले पैसे,
आणि ईलसारखीच हातातून निसटणारी माया.

दोघांना एवढंच हवंय: सारखे, की वेगळे.
बाकी झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.

मी जोडीजोडीनं कण सोडते.
एक वर जातो, एक हेगला.
कुठल्या कुशीवर वळायचं
हे विचारेपर्यंत दोघांनाही ठाऊक नसतं;
विचारलं की उत्तरं जुळतात,
कुणी कुणाला न कळवता.
मधेमधे मी फसवे कण पेरते.
वाटेत कुणी चोरून पाहिलं तर
पिठावरून मांजर गेल्यासारखं कळतं.

पहिल्या फेरीत शंभरातले अठरा फसवे कण बिघडून आले.
घशाला कोरड पडली. फेरी रद्द केली,
वर धावले, खिडकीशी.
चोर कुठला! गाळाची बोट तारेच्या नळीवर घासत होती.
मी हातवारे केले, थांबव, थांबव.
नावाड्यानं टोपी काढून मला नमस्कार केला.

तो जेवायला गेला तेव्हा दुसरी फेरी. स्वच्छ.
दोघांनी आपापला आकडा गुप्त किल्लीत कालवून पाठवला,
माझ्यापर्यंत आली ती नुसती खरखर.
दोन्ही खरखरी मी एकमेकींवर ठेवल्या.
सगळी शून्यं उरली असती, तर सारखे.
एका जागी एक उरला.

वेगळे.

जास्त कुणाला, कमी कुणाला,
हे यंत्राला ठाऊक नाही, मलाही नाही.
हिलकेनं पडद्याकडे पाहिलं, कोट चढवला,
बटणं एक घर चुकवून लावली.
आभार मानले. जिन्यात थांबली.
बापाला कुणीतरी थोडं जास्त लाडकं होतं,
एवढंच आता तिच्या हाती,
आणि त्या कुणीतरीला चेहरा नाही.

तासाभरात योरित ट्रामनं आला.
फॉर्मवर सही राहिली, म्हणाला.
सही केलेली होती. मी बोलले नाही.
कॉफीच्या यंत्रापाशी दोघं उभी,
मधे एक कचऱ्याची टोपली.
तो तिच्या बटणांकडे बघत म्हणाला,
"तुझा किती?"

शंभर वर्षांचं भौतिकशास्त्र,
चोवीस किलोमीटर काच,
आणि हा विचारतो, तुझा किती.

मी पुढं होऊन दळायचं बटण दाबलं.
यंत्राची घरघर वीस सेकंद चालते.
हिलके एकविसाव्या सेकंदाला बोलली.

ऐकला मी. एकच आकडा.
त्याचा येण्याआधी दाराबाहेर होते, धावतच,
आणि एकट्या आकड्याला लहानमोठं नसतं.

अहवालात लिहिलं: गळती नाही.